मागच्या वर्षाशी फरक

गणपती पेठेत मगदूमांच्या दुकानात
खतावण्या मिळतात, रोजमेळ,
लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या,
आणि मागच्या खोलीत, पंख्याखाली,
मी एक्सेल उघडून बसते
मंगळवारी आणि शुक्रवारी.

अण्णांना सहा वर्षांचा खर्च एका पानावर हवाय.
बँकेला दाखवायला, की स्वतःला,
ते सांगत नाहीत.

पिव्होटमध्ये मी आडवी खाती ओढते,
वीज, हमाली, सुतळी, चहा,
उभ्यात वर्षं,
आणि आकड्यावर उजवं बटण दाबून म्हणते,
दाखव, मागच्या वर्षाशी फरक.

अठरा साल तिथल्या तिथं कोरं.
"ह्याचं काय झालं ओ?"
अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात.
त्याच्या आधीचं आपण भरलंच नाही, अण्णा.
फरक काढायला मागं काहीतरी लागतं.
"मागं वडील हुते की,"
म्हणतात, आणि सुतळीचा गुंडा उगीच उलटा ठेवतात.

पुढं चहासमोर उणे. सुतळीसमोर उणे.
"उणं म्हंजे खोटच न्हवं?"
खर्चात उणं आलं म्हणजे तेवढे वाचले,
मी सांगते. दोनदा सांगते.
मग मूळ पानावरच्या प्रत्येक खर्चाला
उणे एकनं गुणते, आणि वर शीर्षक देते: बचत.
तोच आकडा आता ताठ उभा.
अण्णांना पटतं.

वीस सालाखाली बचत
तीन लाख बेचाळीस हजार.
"शीतल! पेढे आण रं!"
शीतल मोबाईलमधून मान वर काढतो, आणि परत घालतो.

मी शेजारच्या घरावर जाते,
एकोणीसच्या बेरजेवर दोनदा टिचकी मारते.
आकड्याच्या पोटातलं सगळं
नव्या पानावर सांडतं.
गाळ काढणे, तीन माणसं, नऊ दिवस.
फिनेल.
शटर नवीन, पट्ट्यांसह.
ट्रॅक्टर, भिजलेला माल टाकणे, चार फेऱ्या.
फिनेल, परत.
चार फेऱ्या वह्या,
सगळ्या कोऱ्या,
एक आकडा न लिहिता बुडालेल्या.

पुराच्या सालाशी ताडलं, अण्णा,
तर कुठलंही साल काटकसरी दिसतं.

ते बोलत नाहीत, भिंतीकडं बघतात.
तिथं त्यांच्याच हातच्या ऑइलपेंटच्या रेघा आहेत:
पाच सालची गल्ल्याच्या वर,
एकोणीसची माळ्याच्या फळीला टेकलेली,
एकवीसची कपाटाच्या कडीपाशी.
वीसची रेघ नाही.
वीस साली पाणी आलं नाही, एवढंच,
आणि ते कुणी भिंतीवर लिहीत नाही.

"एकोणीस काढून टाका."
मी त्याच्यापुढची खूण काढते.
वीस साल आता अठराशी ताडलं जातं,
तरी बचत दिसतेच, चहात तर भरघोस.
"त्या साली दुकान कुठं उघडं हुतं?
चहा पाजायचा कुणाला?
वीस पण काढा."
काढते.
"एकवीस मी सांगाय नको."

उरली तीन सालं.
अठरा, बावीस, तेवीस,
मधली बाकं मोकळी असलेल्या वर्गासारखी.
आकडे लहान झाले. वीज, तीनशे इकडं.
हमाली, दोनशे तिकडं.
पेढ्यांचं कुणी काढत नाही.

तेवीसखाली, चहासमोर, बचत:
उणे एक हजार सहाशे.
लाल अक्षरात.

म्हणजे चहा वाढलाय, मी म्हणते,
हे वाचलेले नाहीत, जास्तीचे गेलेत.
आता अण्णा चष्मा नाकावर आणतात,
स्क्रीनजवळ येतात, बोट ठेवतात,
काचेवर सुतळीचं कूस चिकटतं.

"माणसं याय लागल्यात," ते म्हणतात.
"बसत्यात जरा."

मी विचारते, लाल रंग काढू का?
बँकेत बरं दिसणार नाही.

"असूंदे," म्हणतात,
आणि बाहेर गिऱ्हाईक नसताना
तीन कप सांगतात.